आवाजाचे अंतर : 'महल'मधील एक दृश्य, त्याची वंशावळ आणि विद्यार्थी-चित्रपट

१

१९४९ साली बॉम्बे टॉकीजचा 'महल' हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातील नायिकेच्या सुप्रसिद्ध गीताची ७८ फेऱ्यांची ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेचे नाव नव्हते. त्या जागी 'कामिनी' असे छापलेले होते. कामिनी हे चित्रपटातील पात्राचे नाव. ध्वनिमुद्रिकेवर पात्राचे नाव देण्याची प्रथा त्या काळात रूढ होती, त्यामुळे यात कोणी काही हेतुपुरस्सर केले असे नव्हे. गीत रेडिओवरून वाजू लागल्यावर श्रोत्यांनी गायिका कोण अशी पृच्छा केली आणि लता मंगेशकर हे नाव सर्वतोमुखी झाले.

ही हकीकत एका थोर गायिकेच्या उदयाची कथा म्हणून नेहमी सांगितली जाते. चित्रपटाच्या अभ्यासकाला मात्र तीत निराळा अर्थ सापडण्याजोगा आहे. मुद्रिकेवर छापलेले नाव ज्या स्त्रीचे, ती कथानकात मृत आहे. तिचे रूप धारण करणारी स्त्री तिचे नाव उसने घेते. पडद्यावर दिसणारा देह मधुबालेचा आहे आणि ऐकू येणारा स्वर तिचा नाही. नाव, देह आणि स्वर या तीन गोष्टी तीन ठिकाणी विखुरलेल्या आहेत. त्या एकाच व्यक्तीच्या आहेत असा भास निर्माण करणे आणि तो भास पूर्णत्वास जाऊ न देणे, हेच 'महल'मधील त्या दृश्याचे कार्य आहे.

हे दृश्य हिंदी चित्रपटातील गॉथिक परंपरेचे आद्य उदाहरण म्हणून वारंवार दाखवले जाते. चित्रपटाचे शिक्षण घेणारा विद्यार्थी त्याकडे आदर्श म्हणून पाहतो आणि त्यातून काही उचलू इच्छितो. तो काय उचलतो हे बहुतांशी त्याला सांगितल्या गेलेल्या इतिहासावर अवलंबून असते. तो इतिहास एकांगी असेल तर अनुकरणही एकांगी होणार. म्हणून दृश्याचे विश्लेषण आणि त्याच्या वंशावळीची फेरतपासणी ही दोन्ही कामे बरोबरीनेच करावयास हवीत.

२

प्रथम दृश्याची रचना पाहू जाता ती अशी दिसते. पावसाळी रात्री हरिशंकर (अशोककुमार) यमुनेच्या काठावरील एका ओसाड प्रासादात येतो. लिलावात विकला गेलेला हा प्रासाद आता त्याच्या मालकीचा आहे. तेथला वृद्ध माळी त्याला वास्तूची कथा सांगतो. चाळीस वर्षांपूर्वी ती बांधणारा पुरुष मध्यरात्री आपल्या प्रेयसीकडे, कामिनीकडे, येत असे आणि पहाटेपूर्वी निघून जात असे. एका वादळी रात्री त्याची नाव बुडाली. बुडताना त्याने आपण परत येऊ असे कामिनीला ओरडून सांगितले. पुढे काही दिवसांतच तीही मरण पावली. ही कथा ऐकून हरिशंकर आपल्या खोलीत जातो. भिंतीवरील तसबीर खाली पडते. तसबिरीतला चेहरा हुबेहूब त्याचा स्वतःचाच आहे. घड्याळात दोनचे ठोके पडतात. कोठून तरी स्त्रीचा स्वर ऐकू येऊ लागतो. तो त्या स्वराच्या रोखाने निघतो. ती दिसते न दिसते, झोपाळ्यावर झुलताना क्षणभर स्पष्ट होते आणि तो जवळ जाऊ लागताच नाहीशी होते.

या क्रमात पाच टप्पे आहेत : वदंता, प्रतिमा, प्रहर, स्वर आणि देह. देह सर्वांत शेवटी येतो. तो येण्यापूर्वी प्रेक्षकाच्या मनात त्याची चार वेळा सिद्धता झालेली असते. माळ्याच्या कथनातून तिचे चरित्र मिळते. तसबिरीतून तिच्या प्रियकराचा चेहरा मिळतो, आणि तो पाहणाऱ्याचाच असल्यामुळे कथेतील रिकामी जागा हरिशंकरच्या अंगावर येऊन पडते. घड्याळाच्या ठोक्यांतून तिची वेळ मिळते. स्वरातून तिचे सान्निध्य मिळते. मधुबालेचा चेहरा पडद्यावर येतो तेव्हा त्याला नवे असे काही सांगावयाचे उरलेले नसते. आधीच अस्तित्वात आलेल्या व्यक्तीला तो केवळ दुजोरा देतो, आणि लगेच तो दुजोराही काढून घेतला जातो.

दुसरी गोष्ट अशी की, गीत स्त्रीचे असले तरी दृश्य ऐकणाऱ्याचे आहे. कॅमेरा मोठ्या प्रमाणावर हरिशंकरबरोबर राहतो. तो थांबतो, कान देतो, वळतो, पुन्हा चालू लागतो. रूढ हिंदी गीतदृश्यात गाणारा देह हे केंद्र असते आणि ऐकणारा त्याच्या सभोवार असतो. येथे ही व्यवस्था उलटली आहे. गाण्याचे उगमस्थान हा येथे प्रश्न बनतो आणि तो सोडवण्यासाठी पात्राला वास्तू तुडवावी लागते. प्रासादाची लांबी-रुंदी, त्याचे जिने, दालने आणि दारे प्रेक्षकाला कळतात ती या शोधामुळे. म्हणजे अवकाशाचे निवेदन स्वराने केले आहे; प्रकाशाने त्याला साथ दिली आहे.

३

या चित्रपटाच्या इतिहासकथनात मात्र प्रकाशालाच अग्रपूजेचा मान मिळालेला आहे. छायालेखक योसेफ विर्शिंग जर्मन होते. जर्मन चित्रपटात १९२० नंतर अभिव्यक्तिवादी शैली बहरली. तेव्हा 'महल'मधील दाट सावल्या म्हणजे बर्लिनहून मालाडला आलेला वारसा होय, अशी ही मांडणी आहे. ती सुटसुटीत आहे आणि त्यामुळेच लोकप्रिय झाली आहे. लॉटे आइस्नर यांच्या १९५२ सालच्या ग्रंथाने जर्मन मूकपटाचे जे झपाटलेले चित्र रूढ केले, त्याच्या प्रकाशात कोणत्याही जर्मन छायालेखकाकडे पाहण्याची सवय अभ्यासकांना लागली.

वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. विर्शिंग यांचे शिक्षण बर्लिनच्या उफा स्टुडिओत झालेले नाही. ते म्युनिकच्या एमेल्का या संस्थेत घडले. 'प्रेम संन्यास' (१९२५) या चित्रपटाच्या निमित्ताने दिग्दर्शक फ्रांझ ऑस्टेन यांच्यासह ते भारतात आले. तो चित्रपट भारतातील प्रत्यक्ष स्थळांवर, भर उन्हात चित्रित झालेला होता. १९३४ मध्ये हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी बॉम्बे टॉकीजची स्थापना केल्यावर विर्शिंग तिचे छायालेखक झाले. 'अछूत कन्या' (१९३६) पाहावा. त्यातील प्रकाशयोजना मृदू, समतोल आणि चेहऱ्याला उजाळा देणारी आहे. अभिव्यक्तिवाद त्यांच्या रक्तातच होता असे मानले, तर तो इतकी वर्षे कोठे दडून बसला होता याचे उत्तर द्यावे लागेल.

शिवाय ज्या जर्मन चित्रपटांना आदर्श मानले जाते तेही एका जातीचे नाहीत. 'डॉक्टर कालिगारी'मध्ये (१९२०) पडद्यांवर रंगवलेल्या सावल्या आहेत. मुर्नाऊंच्या 'नोस्फेराटू'मध्ये (१९२२) खरी गावे आणि खरा किल्ला आहे. त्यातील जिना चढणारी सावली प्रसिद्ध आहे, परंतु तिचा परिणाम भोवतालच्या भिंती साध्यासुध्या, ओळखीच्या असल्यामुळे होतो. पहिल्यात जगच विकृत आहे. दुसऱ्यात ओळखीच्या जगात परकी वस्तू शिरते. 'महल' दुसऱ्याच्या जवळचा आहे. त्याच्याही अधिक जवळचा दुवा हवा असेल तर हिचकॉकच्या 'रेबेका'चा (१९४०) विचार करावा लागेल. मोठे घर, मृत स्त्रीचे राज्य आणि त्या घरात नव्याने येणारी व्यक्ती हे त्याचे आशयसूत्र 'महल'च्या पुष्कळ निकट आहे. स्वतः हिचकॉकचा पहिला चित्रपटही १९२५ साली एमेल्काच्याच सहकार्याने तयार झाला होता. पण अशा योगायोगावर प्रभावाचा इमला उभारणे योग्य होणार नाही.

विर्शिंग यांचे श्रेय यामुळे कमी होत नाही. दुसऱ्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून ते स्थानबद्ध झाले. सुटकेनंतर पुन्हा बॉम्बे टॉकीजकडे आले. १९६७ मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले आणि त्यांनी चित्रित केलेला 'पाकीझा' १९७२ मध्ये पडद्यावर आला. 'महल'चे दिग्दर्शक कमाल अमरोही हेच 'पाकीझा'चेही दिग्दर्शक. एका छायालेखकाने सुमारे चार दशके ज्या भूमीत काम केले, त्याच्या शैलीचा उलगडा केवळ जन्मभूमीच्या आधारे करणे हा इतिहासलेखनाचा आळस होय. 'महल'मधील अंधार हा एका विशिष्ट कथनगरजेतून आला आहे. ज्या दृश्यात देहाला उशिरा यावयाचे आहे, त्या दृश्यात डोळ्यांना थोपवून धरावे लागते. अंधाराने येथे भय निर्माण केलेले नाही. त्याने कानाला वाट करून दिली आहे.

४

तर मग भय कोठून येते? याचे उत्तर ध्वनिमुद्रणाच्या दालनात शोधावे लागते. लता मंगेशकरांनी पुढे मुलाखतींतून सांगितलेली आठवण सर्वश्रुत आहे. संगीतकार खेमचंद प्रकाश आणि सहकाऱ्यांना गीताच्या आरंभीच्या ओळी दुरून येत असल्याचा भास हवा होता. मायक्रोफोन दालनाच्या मध्यभागी ठेवण्यात आला. गायिकेने कोपऱ्यात उभे राहून गाण्यास प्रारंभ करावयाचा आणि गात गात मायक्रोफोनपाशी यावयाचे, अशी योजना झाली. ती पुन्हापुन्हा करून पाहावी लागली.

साधनांच्या तुटपुंजेपणातून निघालेली ही युक्ती ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने अत्यंत अचूक आहे. आवाज मोठा होणे आणि आवाज जवळ येणे या दोन भिन्न घटना आहेत. गायक दूर असतो तेव्हा मायक्रोफोनपर्यंत त्याचा थेट स्वर कमी आणि भिंतींवरून परतलेला स्वर अधिक प्रमाणात पोहोचतो. तो जवळ येऊ लागला की हे प्रमाण पालटते. शब्दांच्या कडा स्पष्ट होतात, श्वास ऐकू येतो, खोली मागे सरते. कान या प्रमाणावरून अंतर मोजतो. केवळ आवाजाची पातळी वाढवली तर परतलेला स्वरही त्याच प्रमाणात वाढतो. अंतर जेथल्या तेथे राहते आणि श्रोत्याला कोणीतरी रेडिओची कळ फिरवल्यासारखे वाटते. 'महल'च्या गीताच्या आरंभी जे चालत आले ते पाऊल खरे होते.

गीताची रचनाही या चालीला अनुकूल आहे. आरंभीच्या ओळी तालाविना, विलंबित, जवळजवळ पठणासारख्या येतात. धृपदाशी ठेका सुरू होतो. आशयाकडे पाहिले तर आणखी एक लक्षणीय बाब दिसते : भूतकथेत सामान्यतः भूतकाळ परततो, येथे मृत मानलेली स्त्री भविष्यकाळात बोलते. कोणीतरी येणार आहे असे ती सांगते. आणि ज्याच्या येण्याची ती वाट पाहते तो तर आलेला आहे, तिच्याच घरात उभा राहून ऐकतो आहे. ऐकणाऱ्याला आपण पाहुणे नसून प्रतीक्षेचा विषय आहोत, ही जाणीव होणे हा या दृश्यातील खरा थरार आहे. तसबिरीने जे डोळ्यांना सांगितले तेच क्रियापदाच्या काळाने कानाला सांगितले.

फ्रेंच समीक्षक मिशेल शियों यांनी १९८२ साली चित्रपटातील स्वराविषयीच्या ग्रंथात, ज्याचा उगम दिसत नाही अशा आवाजाला स्वतंत्र पात्राचा दर्जा दिला. असा आवाज सर्वत्र असतो, त्याला सारे दिसते, सारे कळते. आणि त्याचे तोंड पडद्यावर दिसताक्षणी त्याचे सामर्थ्य ओसरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हे प्रतिपादन 'महल'ला लागू करताना मात्र एक अडचण उभी राहते. शियों यांच्या विचारात देह आणि स्वर यांचे ऐक्य ही स्वाभाविक स्थिती आहे आणि त्यांची फारकत हा अपवाद. हिंदी चित्रपटात, १९३५ साली न्यू थिएटर्सच्या चित्रपटातून पार्श्वगायन सुरू झाल्यानंतर, फारकत हीच नित्याची स्थिती झाली. प्रेक्षकाने तिला संमती दिली. ओठ एकाचे आणि गळा दुसऱ्याचा, हे त्याला ठाऊक असते आणि गाणे चालू असेपर्यंत तो ते विसरण्याचे मान्य करतो.

'महल' या संमतीला हात घालतो. कामिनीचे ओठ दिसण्यापूर्वी तिचा स्वर सुटा हिंडतो. दिसल्यावरही तो तिच्यात पुरता वस्तीला येत नाही. ज्या फारकतीकडे हिंदी चित्रपट एरवी कानाडोळा करतो, तीच येथे कथेचा विषय होऊन समोर उभी राहते. म्हणून 'महल'मधील भूत जर्मनीहून आलेले नाही आणि इंग्रजी कादंबरीतूनही आलेले नाही. ते पार्श्वगायनाच्या रूढीतच होते. या दृश्याने त्याला प्रथमच घर दिले.

५

इंग्रजी कादंबरीचा उल्लेख आला आहे तर तिच्याशी असलेले नातेही तपासावयास हवे. होरेस वॉलपोलच्या 'कॅसल ऑफ ऑट्रँटो'त (१७६४) पूर्वजाची तसबीर चौकटीतून बाहेर पडते. तेथे अद्भुताला कारण देण्याची गरज नाही. अॅन रॅडक्लिफच्या 'उडॉल्फो'त (१७९४) भयप्रद वाटणाऱ्या घटनांचा अखेरीस लौकिक उलगडा होतो. 'महल' वरवर पाहता दुसऱ्या पंथाचा आहे. हरिशंकरची पत्नी रंजना विष घेते आणि त्याचा आळ पतीवर ठेवते. खटला उभा राहतो. न्यायालयात कामिनीला बोलावे लागते आणि ती माळ्याची मुलगी आशा असल्याचे उघड होते. रात्री वास्तूभर हिंडणाऱ्या स्वराला दिवसाउजेडी जबानी द्यावी लागते. शियों ज्याला स्वराचे सामर्थ्य ओसरणे म्हणतात, त्याचे इतके शब्दशः उदाहरण क्वचितच सापडेल.

तथापि आशाच्या कबुलीने तसबिरीचा उलगडा होत नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या पुरुषाचा चेहरा हरिशंकरसारखा का, हा प्रश्न उरतोच. तोदोरोव्ह यांच्या १९७० सालच्या विवेचनाप्रमाणे, लौकिक आणि अलौकिक या दोन स्पष्टीकरणांमध्ये वाचकाचे दोलायमान होणे हे विलक्षणाचे व्यवच्छेदक लक्षण आहे. परंतु पुनर्जन्म ही कल्पना जेथे श्रद्धाविश्वाचा आणि कथापरंपरेचा सहज भाग आहे, तेथे ती अलौकिक या सदरात सरळ बसत नाही. 'महल'चा प्रेक्षक निसर्गनियम आणि त्यांचा भंग यांच्यामध्ये घोटाळत नाही. तो दोन संभाव्य नियमांमध्ये घोटाळतो. फसवणूक की पुनर्जन्म? दोन्ही पटण्याजोगे आहेत. म्हणूनच फसवणूक सिद्ध झाल्यावरही पुनर्जन्म खोटा ठरत नाही. मराठी वाचकाला 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्यांपासून ते नारायण धारपांच्या कथांपर्यंत या प्रश्नाची निरनिराळी रूपे परिचित आहेत. तोदोरोव्ह यांचे प्रतिमान जसेच्या तसे लावण्यापूर्वी त्याची ही मर्यादा ध्यानात घेणे अगत्याचे ठरते.

आशाचे प्रकटीकरण आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. युरोपीय गॉथिक कथेत नोकरचाकर वदंता सांगतात. त्या वदंतेचे नायकत्व मात्र मालकवर्गाकडेच असते. येथे वदंता सांगणाऱ्या माळ्याची मुलगीच तिची नायिका बनते. प्रासादात ती नोकराची मुलगी म्हणून मालकासमोर उभी राहू शकली असती, परंतु प्रेयसी म्हणून नव्हे. तो अधिकार मिळवण्यासाठी तिला मृत स्त्रीचे नाव घ्यावे लागते. जिवंत असताना जिला या घराच्या दालनांत जागा नाही, ती भूत होऊन सर्व दालने व्यापते. तिचा स्वर सर्वत्र असण्यामागे हे सामाजिक कारण आहे : देहाला मज्जाव असल्यामुळे तो देहाविना हिंडतो. न्यायालयात तिला नाव आणि देह परत मिळतात आणि त्याबरोबरच हरिशंकर तिच्यापासून दुरावतो. अखेर तिचा विवाह त्याच्या मित्राशी होतो आणि हरिशंकर मरतो. अंतर मिटताच प्रेमही संपते.

६

दृश्याची पुढील वंशावळ पाहताना 'महल'च्या श्रेयनामावलीतील एका नावाकडे लक्ष द्यावे लागते. चित्रपटाचे संकलक बिमल रॉय होते. १९५८ मध्ये त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या 'मधुमती'त जुनी हवेली, वादळी रात्र, तसबीर, पुनर्जन्म आणि दुरून येणारे स्त्रीचे गाणे ही सारी सामग्री पुन्हा येते. त्या चित्रपटाची कथा ऋत्विक घटक यांची. घटकांच्या स्वतःच्या 'मेघे ढाका तारा'त (१९६०) नीता जिना उतरते तेव्हा चाबकाचा फटका ऐकू येतो. पडद्यावर चाबूक नाही. आवाज आपल्या उगमापासून सुटला आहे आणि भूतकथेची सबब न घेता सुटला आहे.

१९६५च्या सुमारास घटक पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापक आणि उपप्राचार्य म्हणून काही काळ होते. ही संस्था १९६० साली प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात सुरू झालेली. मणी कौल, कुमार शहानी आणि जॉन अब्राहम हे त्यांचे विद्यार्थी. 'महल'पासून पुण्याच्या वर्गापर्यंत प्रभावाची सरळ रेषा ओढता येते असे येथे सुचवावयाचे नाही. एकच प्रश्न मात्र एका हातातून दुसऱ्या हातात गेलेला दिसतो : आवाज आणि प्रतिमा यांनी नेहमी एकाच घरात राहिले पाहिजे काय?

मणी कौल यांच्या 'दुविधा'ला (१९७३) या प्रश्नाचे एक परिपक्व उत्तर मानता येईल. विजयदान देथा यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटात व्यापाऱ्याचा मुलगा लग्न होताच परदेशी निघून जातो आणि एक भूत त्याचे रूप घेऊन वधूकडे येते. गॉथिक अलंकरणापैकी येथे काहीही नाही. धुके नाही, मेणबत्ती नाही, वादळ नाही. राजस्थानातील पांढऱ्या भिंती आहेत, लाल वस्त्रे आहेत आणि लखलखीत ऊन आहे. भूत उजेडात वावरते. परंतु शब्द सपाट, निर्विकार स्वरात येतात आणि अनेकदा चेहऱ्यावरचे ओठ मिटलेलेच असतात. देह घरात आहे, स्वर घरात नाही. यावरून देहाच्या खरेपणाविषयी शंका उत्पन्न होते. 'महल'ने अंधार वापरून जे साधले, ते कौल यांनी उजेडात साधले. यावरून निष्कर्ष असा निघतो की, अंधार हे या तंत्राचे मूलद्रव्य नव्हते.

७

हा निष्कर्ष विद्यार्थी-चित्रपटाच्या दृष्टीने निर्णायक आहे. गॉथिक दृश्य करू पाहणारा विद्यार्थी बहुधा पडका वाडा शोधतो, कंदील आणतो, धूर सोडतो आणि जिन्यावर सावली पाडतो. या सामग्रीत गैर काही नाही. पण तिची निवड इतिहासाच्या ज्या कथनावर उभी आहे, ते सावलीला सर्वस्व मानणारे कथन आहे. तुटपुंज्या खर्चात केलेली सावली मूळ सावलीपुढे फिकी पडते आणि दृश्य विडंबनाकडे झुकते. याउलट 'महल'ने जे खरोखर शोधून काढले त्याला एक मायक्रोफोन, एक रिकामे दालन आणि सात-आठ पावले एवढेच लागले. ते आजही कोणत्याही विद्यार्थ्याच्या आवाक्यात आहे.

अडचण निराळीच आहे. आता संगणकावर ध्वनीचे हवे तितके स्तर रचता येतात, त्यामुळे स्तरांची संख्या वाढते आणि अंतराचा विचार मागे पडतो. खोलीच्या प्रतिध्वनीचा तयार साचा एका कळीने लावता येतो, परंतु तो पडद्यावरच्या खोलीचा नसतो. पडद्यावर बारा फुटांची खोली आणि कानाला मंदिराचा गाभारा अशी विसंगती त्यातून उद्भवते. आणि ती हेतुपूर्वक केलेली नसेल तर तिचा अर्थ शून्य असतो. दुसरी अडचण पाहण्याच्या रीतीची. कामिनीचे गीत आता बहुधा चित्रपटापासून तोडून, सुटे पाहिले जाते. माळ्याची कथा, तसबीर आणि ठोके गळून पडतात आणि पाचांपैकी शेवटचे दोन टप्पेच उरतात. अशा पाहणाऱ्याला झोपाळा दिसतो. झोपाळ्यापूर्वीचा तिष्ठणारा वेळ दिसत नाही.

शियों यांनी अध्यापनासाठी सुचवलेली एक जुनी रीत येथे उपयोगी आहे. दृश्य एकदा चित्र झाकून ऐकावे, एकदा आवाज बंद करून पाहावे आणि मग दोन्ही एकत्र आणावे. 'महल'चे दृश्य चित्राविना ऐकले तर प्रासादाचा नकाशा बहुतांशी कळतो. आवाजाविना पाहिले तर एक अस्वस्थ पुरुष घरभर हिंडताना दिसतो, त्याचे कारण कळत नाही. भयाचे वास्तव्य या दोन अपुऱ्या अनुभवांच्या मधल्या फटीत आहे. विद्यार्थ्याने आपल्या दृश्याची हीच परीक्षा घ्यावी. दोन्हींपैकी कोणताही एक अनुभव स्वयंपूर्ण ठरत असेल, तर दुसरा निव्वळ सजावट आहे असे समजावे.

आणखी एक प्रश्न तंत्राच्या पलीकडचा आहे आणि तो टाळता येण्याजोगा नाही : आवाजाला देहाविना हिंडावे का लागते? 'महल'मध्ये त्याला उत्तर आहे. माळ्याच्या मुलीला घरात वाट नव्हती. प्रत्येक वाड्यात, चाळीत, वसतिगृहात, कचेरीत असे कोणीतरी असते ज्याचा आवाज ऐकू येतो आणि ज्याला समोर येण्याची मुभा नसते. त्याचा शोध घेतल्यावाचून उसनी घेतलेली सावली ही केवळ सावलीच राहील. कोपऱ्यातून मायक्रोफोनपर्यंतची ती पावले कोणाची आणि त्याला वा तिला आजवर कोणी कोपऱ्यात उभे केले होते, हे ठरल्यावर प्रकाश कोठे ठेवावयाचा हा प्रश्न फारसा अवघड राहत नाही.